क्लस्टर्ड कॉलम चार्टमधील कॉलमांचे अंतर: ते कोठे, किती आणि कशासाठी ठेवावे

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीचा मासिक अहवाल तयार करण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. सुरुवातीच्या काळातील एका अहवालात हळदीच्या आवकेचा बारा महिन्यांचा आलेख होता आणि त्यात प्रत्येक महिन्याला दोन कॉलम होते, डावा गेल्या वर्षाचा आणि उजवा चालू वर्षाचा. पान भरलेले दिसावे म्हणून मी कॉलम शक्य तितके रुंद केले होते आणि दोन रंग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून जोडीच्या मध्ये थोडी फटही ठेवली होती. त्यामुळे जोडीतल्या दोन कॉलमांमधली फट आणि शेजारच्या दोन महिन्यांमधली फट अगदी सारखी झाली, आणि हे माझ्या लक्षात आले नाही. अहवाल काळ्या-पांढऱ्या छपाईत गेल्यावर दोन्ही रंग जवळजवळ एकाच करड्या छटेचे दिसू लागले. मालकांनी पानावर बोट ठेवून फेब्रुवारीचा उजवा आणि मार्चचा डावा असे दोन कॉलम एकाच महिन्याचे म्हणून वाचले. हंगामात फेब्रुवारीपेक्षा मार्चची आवक जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्षात घटलेली आवक त्यांना वाढलेली दिसली आणि त्या हिशेबाने जादा बारदान मागवायचे ठरले. दिवाणजींनी आवक वहीशी आकडे ताडून पाहिले म्हणून ती खरेदी वेळेत थांबली.

आलेखातला एकही आकडा चुकलेला नव्हता. चूक होती ती फक्त मोकळ्या जागेची, आणि तेव्हापासून कॉलमांमधले अंतर हा सजावटीचा भाग आहे असे मी मानत नाही. कोणता कॉलम कोणाच्या जोडीचा आहे हे वाचकाला सांगण्याचे काम हे अंतर करते. जवळ असलेल्या वस्तू आपण आपोआप एका गटात धरतो, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर याने १९२३ मध्ये मांडले होते. रंगाचा खुलासा वाचण्याआधीच नजर जवळच्या दोन कॉलमांची जोडी लावून मोकळी झालेली असते. दोन बाजूंची तुलना जोडीने मांडण्याची ही रीत जुनी आहे आणि ती व्यापारातूनच आलेली आहे. स्कॉटिश अभियंता विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखात स्कॉटलंडचा १७ ठिकाणांशी झालेला एका वर्षाचा व्यापार आयात आणि निर्यात अशा पट्ट्यांच्या जोड्यांनी दाखवला होता. आज आपण गेले वर्ष आणि चालू वर्ष शेजारी ठेवतो तेव्हा तेच करत असतो.

दोन अंतरे वेगळी ओळखावीत

क्लस्टर्ड कॉलम चार्टमध्ये, म्हणजे ज्यात प्रत्येक महिन्याला शेजारी-शेजारी कॉलमांचा एक गट असतो अशा आलेखात, दोन प्रकारचे अंतर असते. पहिले गटांमधले, म्हणजे एप्रिलचा गट संपून मे महिन्याचा गट सुरू होईपर्यंतचे. आणि दुसरे गटाच्या आतले, म्हणजे एप्रिलच्याच दोन कॉलमांमधले. एक्सेलमध्ये पहिल्याला 'गॅप विड्थ' आणि दुसऱ्याला 'सिरीज ओव्हरलॅप' म्हणतात. ही दोन्ही नावे पाहून बहुतेकांचा असा समज होतो की त्यासमोरचे टक्के पानाच्या किंवा चार्टच्या रुंदीचे आहेत. तसे ते नाहीत. दोन्ही टक्के एका कॉलमच्या रुंदीच्या प्रमाणात मोजले जातात. गॅप विड्थ १०० टक्के याचा अर्थ दोन गटांमध्ये बरोबर एका कॉलमएवढी जागा मोकळी आहे. ही किंमत शून्यापासून ५०० टक्क्यांपर्यंत देता येते. ओव्हरलॅप उणे १०० ते अधिक १०० या मर्यादेत असतो; शून्यावर कॉलम एकमेकांना टेकतात, उणे किमतीत त्यांच्यात फट पडते आणि अधिक किमतीत ते एकमेकांवर चढतात.

यातून एक गोष्ट निघते आणि ती न कळल्यामुळे अनेक जण स्लायडर इकडेतिकडे ओढत वेळ घालवतात. एक्सेलमध्ये कॉलमची रुंदी थेट देण्याची सोयच नाही. रुंदी ही या दोन आकड्यांवरून आणि गटातल्या कॉलमांच्या संख्येवरून ठरते. गॅप विड्थ कमी केली की कॉलम रुंद होतात, वाढवली की बारीक होतात. म्हणून कॉलम रुंद करायचे असतील तर अंतर कमी करावे लागते, आणि हीच ती जागा आहे जिथे मी वर सांगितलेली चूक घडते.

प्रत्यक्ष कृती

चार्टमधल्या कोणत्याही एका कॉलमवर एकदा क्लिक केले की त्या मालिकेतले, म्हणजे त्याच वर्षाचे किंवा त्याच मालाचे, सगळे कॉलम निवडले जातात. त्यानंतर कीबोर्डवर 'कंट्रोल' आणि '१' ही बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे उजवीकडे 'फॉरमॅट डेटा सिरीज' ही पट्टी उघडते. तिच्यात 'सिरीज ऑप्शन्स' या भागात ओव्हरलॅप आणि गॅप विड्थ ही दोन्ही खानी एकाखाली एक दिसतात. स्लायडर ओढण्यापेक्षा खान्यात आकडा टाइप करून 'एंटर' दाबावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण ओढून बसवलेले अंतर पुढच्या महिन्याच्या अहवालात पुन्हा तसेच बसवता येत नाही आणि एकाच अहवालातले दोन चार्ट वेगवेगळे दिसू लागतात.

एका मालिकेचे अंतर बदलले की सगळ्याच मालिकांचे बदलते, यावर नवखी माणसे अडतात. हा दोष नव्हे. एकाच अक्षावरचे सर्व कॉलम मिळून एक संच धरला जातो आणि अंतर त्या संपूर्ण संचाचे असते. दुसऱ्या, म्हणजे उजवीकडच्या सेकंडरी अक्षावरच्या कॉलमांचा संच मात्र वेगळा असतो आणि त्याचे अंतरही वेगळे बसवावे लागते.

आणखी एक बारकावा जुन्या फायली वापरणाऱ्यांसाठी. एक्सेल २०१३ पासून नवीन क्लस्टर्ड कॉलम चार्ट तयार होताना गॅप विड्थ २१९ टक्के आणि ओव्हरलॅप उणे २७ टक्के असतो. त्याआधीच्या २००७ आणि २०१० या आवृत्त्यांत तो १५० टक्के आणि शून्य असे. पेढीची जुनी फाइल आणि नवी फाइल यांतले चार्ट एका अहवालात शेजारी ठेवले की ते वेगळ्या हातचे वाटतात, त्याचे कारण बहुधा एवढेच असते.

आकडा किती द्यावा

हे नजरेने ठरवण्यापेक्षा एकदा हिशेब करून ठरवावे. समजा आडव्या ए-फोर पानावर चार्टची प्रत्यक्ष आलेखाची जागा २४ सेंटिमीटर रुंद आहे आणि महिने बारा आहेत, म्हणजे प्रत्येक महिन्याच्या वाट्याला २० मिलिमीटर येतात. या २० मिलिमीटरमध्ये दोन कॉलम, त्यांच्यामधली फट आणि पुढच्या गटापर्यंतची मोकळी जागा एवढे सगळे मावले पाहिजे. मूळ सेटिंगमध्ये कॉलमची रुंदी एक धरली तर दोन कॉलमांचे २, आतल्या फटीचे ०.२७ आणि गटांमधल्या जागेचे २.१९ असे एकूण ४.४६ भाग होतात. २० ला ४.४६ ने भागले की कॉलमची रुंदी साडेचार मिलिमीटरच्या आसपास येते आणि गटांमधली जागा जवळजवळ १० मिलिमीटर. म्हणजे पानाचा निम्मा भाग रिकामा राहतो आणि कॉलम काड्यांसारखे दिसतात. मूळ सेटिंग तसेच ठेवू नये असे मी म्हणतो ते यासाठी.

आता माझ्या त्या चुकलेल्या आलेखाचा हिशेब पाहावा. त्यात गॅप विड्थ २० आणि ओव्हरलॅप उणे २० होता. एकूण भाग २.४, कॉलमची रुंदी ८.३ मिलिमीटर, आणि आतली फट व बाहेरची फट दोन्ही १.७ मिलिमीटरच्या. चोवीस कॉलमांची एकसारखी रांगच ती. त्यात गट असा उरलाच नव्हता.

दोन मालिकांसाठी मी आज गॅप विड्थ ८० आणि ओव्हरलॅप उणे ५ ठेवतो. त्या हिशेबाने कॉलम ७ मिलिमीटर रुंद होतात, दोन महिन्यांमध्ये साडेपाच मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त जागा राहते आणि जोडीच्या आत जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरची पांढरी रेघ दिसते. ती रेघ दोन रंग वेगळे ठेवण्यापुरती आहे. तिने जोडी तोडू नये. तीन मालिका असतील, उदाहरणार्थ हळद, बेदाणा आणि गूळ यांची उलाढाल एकत्र दाखवायची असेल, तर ओव्हरलॅप शून्य आणि गॅप विड्थ ८० ते १०० ठेवावी. मालिका वाढल्या की प्रत्येक कॉलम बारीक होतो आणि त्याच्या प्रमाणात मोजलेली गटांमधली जागाही आपोआप आक्रसते, म्हणून टक्केवारी कमी न करता वाढवावी लागते. हे ऐकायला उलटे वाटते, पण पाच मालिका आणि १०० टक्के गॅप घेऊन हिशेब केला तर पटते: त्याच २० मिलिमीटरमध्ये सहा भाग होतात आणि गटांमधली जागा सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासच उरते. बारा महिन्यांच्या चार्टमध्ये पाच मालिका घालूच नयेत असे माझे मत आहे. त्या वेळी प्रत्येक मालाचा स्वतंत्र छोटा चार्ट करणे वाचकासाठी जास्त सोयीचे ठरते.

आकडे काहीही असोत, गटांमधले अंतर गटाच्या आतल्या अंतरापेक्षा निदान काही पट मोठे दिसले पाहिजे, ही एक अट कधीही सोडू नये.

कॉलमवर किंमत छापायची असेल तर रुंदीचा हिशेब आणखी एका कारणासाठी लागतो. नऊ पॉइंटच्या अक्षरात '१२,४५०' हा आकडा साधारण १० मिलिमीटर जागा घेतो, आणि आपला कॉलम आहे ७ मिलिमीटरचा. दोन्ही वर्षांची आवक जवळपास सारखी असेल तर जोडीतले दोन आकडे एकमेकांत घुसतात. अशा वेळी बरेच जण गॅप विड्थ कमी करून कॉलम रुंद करतात आणि पुन्हा गट मोडतात. त्याऐवजी उभ्या अक्षाच्या सेटिंगमधील 'डिस्प्ले युनिट्स' मधून हजार निवडावे आणि लेबलला एकच दशांश स्थळ ठेवावे, म्हणजे तोच आकडा '१२.५' असा होऊन कॉलमच्या रुंदीत बसतो. त्या यादीत एक लाखाचाही पर्याय आहे. तो लाख असा न दिसता १००००० असा आकड्यात दिसतो, त्यामुळे अनेकांच्या तो लक्षात येत नाही. उलाढालीचे रुपये दाखवताना तो निवडून अक्षावर 'रुपये, लाखांत' असे स्वतः लिहावे.

अंतर बदलूनही कॉलम बारीकच राहतात तेव्हा

याचे कारण बहुधा तारखांमध्ये असते. साप्ताहिक सौद्यांची आवक भरताना पहिल्या रकान्यात तारखा असतात, आणि तारखा दिसल्या की एक्सेल आडवा अक्ष तारखांचा धरतो. मग सौदा आठवड्यातून एकदा झाला असला तरी अक्षावर सातही दिवसांना जागा दिली जाते आणि आपला गट त्यातल्या एका दिवसाच्या जागेत कोंबला जातो. गॅप विड्थ शून्य केली तरी तो गट त्या सातव्या हिश्शाच्या बाहेर येऊ शकत नाही. उपाय सोपा आहे: आडव्या अक्षावर क्लिक करून 'फॉरमॅट ॲक्सिस' उघडावे आणि 'ॲक्सिस टाइप' मध्ये 'टेक्स्ट ॲक्सिस' निवडावे. कॉलम लगेच फुलतात. मात्र त्यानंतर अक्षाला काळाचे भान राहत नाही. दिवाळीत एक आठवडा सौदे बंद असतील आणि तक्त्यात ती ओळ नसेल, तर आधीचा आणि नंतरचा आठवडा लागून दिसतील. तो खंड दिसायला हवा असेल तर तक्त्यात त्या तारखेची ओळ ठेवून आकडे रिकामे ठेवावेत.

रिकाम्या ओळीचा हाच गुण तिमाही वेगळ्या दाखवण्यासाठी जाणीवपूर्वकही वापरता येतो. जून, सप्टेंबर आणि डिसेंबर यांच्यानंतर एकेक रिकामी ओळ घातली की त्या जागी पूर्ण एका महिन्याएवढी जागा मोकळी राहते आणि बारा महिन्यांचे चार पुंजके दिसतात. त्यापेक्षा नीटनेटका मार्ग म्हणजे महिन्याच्या रकान्याच्या डावीकडे तिमाहीचा आणखी एक रकाना ठेवून दोन्ही रकाने अक्षासाठी निवडणे. मग महिन्यांच्या खाली तिमाहीचे नावही येते.

कधी अंतर सगळीकडे सारखे असूनही आलेख विसकटलेला दिसतो. तक्त्यात एखाद्या मालिकेचा आकडा नसेल तरी त्या कॉलमची जागा राखीव ठेवली जाते. राजापुरी आणि सेलम या हळदीच्या जाती मालिका म्हणून घेतल्या आणि एखाद्या महिन्यात सेलमचा माल आलाच नाही, तर त्या महिन्याचा एकटा कॉलम डावीकडे सरकलेला दिसतो आणि त्याच्या उजवीकडे खिंडार पडते. गॅप विड्थ हा त्यावरचा इलाज नाही. खिंडारे एकदोनच असतील तर ती तशीच राहू द्यावीत, कारण माल आला नाही हीसुद्धा माहितीच आहे. निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या असतील तर मात्र आकड्यांची मांडणी क्लस्टर्ड चार्टला योग्य नाही असे समजून वेगळा चार्ट निवडावा.

दोन अक्ष घेतल्यावर

साखर कारखान्यांच्या अहवालात उसाचे गाळप टनांत आणि साखर उतारा टक्क्यांत असतो. दोन्ही एकाच अक्षावर घेतले तर लाखो टनांपुढे दहा-बारा टक्क्यांचा कॉलम दिसतच नाही, म्हणून उतारा सेकंडरी अक्षावर नेला जातो, आणि त्याच क्षणी उताऱ्याचे कॉलम गाळपाच्या कॉलमांवर येऊन बसतात. ओव्हरलॅप कितीही बदलला तरी ते बाजूला होत नाहीत, कारण ओव्हरलॅप एका अक्षाच्या संचापुरताच लागू असतो आणि आता संच दोन झालेले आहेत.

माझा सल्ला असा की उतारा कॉलमने दाखवूच नये. त्याची रेषा करावी. टन आणि टक्के यांची उंची शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो, रेषेने मात्र हंगामात उतारा कसा चढत गेला ते स्वच्छ दिसते. तरीही कॉलमच हवे असतील तर दोन रिकाम्या मालिका घालाव्या लागतात: पहिल्या अक्षावर गाळप आणि त्यानंतर एक रिकामी, दुसऱ्या अक्षावर आधी एक रिकामी आणि मग उतारा, दोन्ही संचांचे गॅप विड्थ आणि ओव्हरलॅप तंतोतंत सारखे ठेवावेत आणि रिकाम्या मालिकांची नावे खुलाशातून काढून टाकावीत. एक्सेलऐवजी लिबरऑफिस कॅल्क हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ही खटपट करावी लागत नाही. तेथे मालिकेच्या सेटिंगमध्ये 'स्पेसिंग' आणि 'ओव्हरलॅप' यांच्याजवळच कॉलम शेजारी-शेजारी दाखवण्याचा 'शो बार्स साइड बाय साइड' हा पर्याय दिलेला आहे आणि त्यावर खूण केली की दोन अक्षांवरचे कॉलम आपोआप बाजूबाजूला येतात.

दोन अक्षांच्या या वागण्याचा चांगला उपयोगही आहे. उद्दिष्ट आणि साध्य दाखवायचे असेल तेव्हा उद्दिष्टाचा फिकट रुंद कॉलम मागे आणि साध्याचा गडद अरुंद कॉलम त्याच्या पोटात, अशी रचना फार लवकर वाचली जाते. त्यासाठी साध्याची मालिका सेकंडरी अक्षावर न्यावी, कारण त्या अक्षावरचे कॉलम पुढे काढले जातात; मग उद्दिष्टाची गॅप विड्थ ५० ते ६० आणि साध्याची २०० च्या वर ठेवावी. यात एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. दोन अक्षांची मापे वेगळी राहिली तर ८० टक्के साध्य १०० टक्क्यांसारखे दिसू शकते. म्हणून उजवीकडचा सेकंडरी अक्ष निवडून 'डिलीट' करावा, म्हणजे दोन्ही मालिका डाव्या अक्षाच्याच मापाने काढल्या जातात आणि कॉलमांची वेगळी रुंदी मात्र कायम राहते.

पॉवर बीआय आणि रिपोर्ट बिल्डर

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्ट निवडून 'फॉरमॅट व्हिज्युअल' मध्ये जावे आणि 'कॉलम्स' या विभागात 'लेआउट' उघडावे. तेथे 'स्पेस बिटवीन कॅटेगरीज' म्हणजे गटांमधले आणि 'स्पेस बिटवीन सिरीज' म्हणजे गटाच्या आतले अंतर असते. जुन्या आवृत्तीत हे नसते. त्यात आडव्या अक्षाच्या, म्हणजे 'एक्स ॲक्सिस' च्या विभागात 'इनर पॅडिंग' नावाचा एकच स्लायडर दिसतो. एक्सेलमधले आकडे येथे जसेच्या तसे उतरवू नयेत, कारण येथले टक्के एका कॉलमच्या रुंदीवर मोजलेले नाहीत. चार्ट पाहून नवे आकडे ठरवावेत आणि ते वहीत टिपून ठेवावेत.

तारखांची अडचण येथेही आहे. अक्षाचा 'टाइप' जर 'कंटिन्युअस' असेल तर तो 'कॅटेगॉरिकल' करावा. तसे केल्यावर महिने अक्षरांच्या क्रमाने लागून एप्रिलनंतर एकदम ऑक्टोबर-ऑगस्ट येऊ शकतात. त्यासाठी तक्त्यात एप्रिलला १ आणि मार्चला १२ असा आर्थिक वर्षाचा क्रमांक देणारा रकाना तयार करून 'सॉर्ट बाय कॉलम' ने महिन्याचे नाव त्याला बांधावे. चार्टखाली सरकपट्टी आली तर 'मिनिमम कॅटेगरी विड्थ' कमी करावी. सरकपट्टी असलेला चार्ट पीडीएफमध्ये गेला की दिसत होते तेवढेच महिने छापले जातात, आणि मार्च महिना कापला गेल्याचे अहवाल पाठवून झाल्यावर लक्षात येते.

मायक्रोसॉफ्टच्याच रिपोर्ट बिल्डर या छापील अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सेटिंग थोडी आत दडलेली आहे. चार्टमधली मालिका निवडावी, 'व्ह्यू' मधून 'प्रॉपर्टीज' ची पट्टी उघडावी आणि तीत 'कस्टम ॲट्रिब्यूट्स' समोरची खूण दाबून 'पॉइंट विड्थ' शोधावी. तिची मूळ किंमत ०.८ असते. तिचा अर्थ असा की एका महिन्याच्या वाट्याला आलेल्या जागेपैकी ८० टक्के जागा संपूर्ण गटाची, आणि ती सगळ्या मालिकांत समान वाटली जाते. म्हणजे दोन मालिका असताना प्रत्येक कॉलम ४० टक्क्यांचा आणि गटांमधली जागा २० टक्क्यांची, एक्सेलच्या भाषेत गॅप विड्थ ५०. एक्सेलमधली गॅप येथे आणायची असेल तर मालिकांच्या संख्येला, मालिकांची संख्या अधिक गॅप या बेरजेने भागावे. दोन मालिका आणि ८० टक्के गॅप असेल तर २ भागिले २.८, म्हणजे ०.७१, तीन मालिका असतील तर ०.७९. ही किंमत प्रत्येक मालिकेला स्वतंत्रपणे द्यावी लागते.

लांब नावे आणि आडवे कॉलम

सांगली जिल्ह्याच्या दहा तालुक्यांचा चार्ट करताना 'जत' आणि 'कवठेमहांकाळ' एकाच अक्षावर येतात. मोठे नाव गटाच्या रुंदीत न मावल्यामुळे सगळीच नावे तिरकी होतात, आलेखाची उंची खाल्ली जाते आणि मग अंतर कमी करून जागा काढण्याचा मोह होतो. अशा वेळी 'क्लस्टर्ड बार' हा आडवा प्रकार घ्यावा. गॅप विड्थ आणि ओव्हरलॅप त्यातही तसेच चालतात. फक्त पहिला तालुका सर्वांत खाली आणि जोडीतला पहिला कॉलमही खालच्या बाजूला येतो, म्हणून उभ्या अक्षाच्या सेटिंगमध्ये 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर' वर खूण करावी, म्हणजे मिरज वर आणि गेले वर्ष चालू वर्षाच्या आधी असा स्वाभाविक क्रम मिळतो.

पाठवण्यापूर्वी

एकदा अंतर मनासारखे बसले की चार्टवर उजवे क्लिक करून 'सेव्ह ॲज टेम्प्लेट' करावे. पुढच्या वेळी चार्ट घालताना 'टेम्प्लेट्स' मधून तो निवडला की गॅप विड्थ, ओव्हरलॅप आणि रंग सगळे तसेच येतात. मी दोन मालिकांचा एक आणि तीन मालिकांचा एक असे दोनच टेम्प्लेट ठेवले आहेत आणि पेढीचे जवळजवळ सगळे चार्ट त्यांतून निघतात.

त्यानंतर एक पान काळ्या-पांढऱ्या छपाईत काढावे. आडव्या अक्षावरची महिन्यांची नावे कागदाच्या पट्टीने झाकावीत आणि ज्याने हा आलेख आधी पाहिलेला नाही अशा माणसाला, आमच्याकडे बहुधा तोलाईच्या काट्यावरच्या मुलाला, पेन देऊन जोड्यांभोवती गोल काढायला सांगावे. त्याने न विचारता बारा गोल काढले की मी अहवाल मालकांकडे पाठवतो. एखाद्या जागी पेन थबकले तर गॅप विड्थ आणखी २० ने वाढवून पान पुन्हा काढतो.